वीतभर धसकटं

आमच्या संशोधन केंद्रात त्यांना तोंडावर सगळे मास्तर म्हणत आणि पाठीमागे चौकटराव. मी दोन्ही म्हणायची. माणूस सरळ होता, पण इतका सरळ की त्यांच्या शेजारी उभं राहिलं तरी आपणच कुठेतरी वाकडे आहोत असं वाटायला लागे. त्यांच्या टेबलावर कागद ठेवला की ते आधी तो टेबलाच्या कडेला समांतर करत आणि मग वाचत. नाकावर माशी बसू देत नसत. मी त्या केंद्रात सत्तावीस वर्षं ओव्हन सांभाळला. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की माझाच हात आखडतो. त्याचं कारण मला ठाऊक आहे आणि तेही मी सांगणार आहे.

चौकटराव हे नाव पडलं ते त्यांच्या खांद्यावरच्या लाकडी चौकटीमुळे. चार पट्ट्या, प्रत्येक मीटरभर लांब, कोपऱ्यांना पितळी पत्रा. त्यांच्या वडिलांनी केलेली. वडील सुतार होते, आणि आयुष्यभर दारं-खिडक्या केल्यावर त्यांनी हातावेगळं केलेलं शेवटचं काम ते. मुलगा नोकरीत नेमकं काय करतो हे म्हाताऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. "चौकट आहे आणि तिच्यात काही बसवायचं नाही, हे कसलं काम रे," असं ते विचारत, आणि मास्तर ही गोष्ट सांगताना हसत. ते हसले असं मला आठवतं ती बहुधा हीच वेळ.

काम असं होतं. गव्हाची कापणी व्हायच्या आदल्या दिवशी शेतात जायचं. डोळे मिटून चौकट फेकायची, म्हणजे आपल्या मनाने चांगली जागा निवडली असं व्हायला नको. पडेल तिथे, चौकटीच्या आत जे उभं असेल ते सगळं विळ्याने कापायचं. दाणे वेगळे, काड वेगळं. काड पिशवीत भरायचं, चिठ्ठी बांधायची आणि माझ्याकडे पाठवायचं. मी ते ओव्हनमध्ये दिवसभर सुकवून वजन करायची, आणि चिमूटभर छोट्या भट्टीत जाळून राख किती उरते ते वहीत लिहायची. एका शेतात तीन फेकी. तीन हंगाम, दोनशे चौदा शेतं, सहाशे बेचाळीस पिशव्या.

हे सगळं कशासाठी, तर आमच्या खोऱ्यात कापणीनंतर लोक घरचं भागून उरलेलं काड शेतातच पेटवून देत. आठवडा-आठवडा आकाश दिसत नसे, आणि दवाखान्यात खोकणाऱ्यांची रांग लागे. वरच्यांच्या डोक्यात आलं की हेच काड गोळा करून बॉयलरमध्ये जाळलं तर वीज होईल. पण किती काड आहे, आणि त्यातलं खरोखर कुणाच्याच उपयोगाचं नाही असं किती, हे आधी कुणीतरी मोजायला हवं होतं. ते मास्तरांच्या गळ्यात पडलं, आणि त्यांनी ते गळ्यातला दागिना असल्यासारखं मिरवलं.

त्यांची मेहनत मी नाकारणार नाही. नुसतं शेतात मोजून ते थांबले नाहीत. घरोघरी गेले. कुणाची गाय दिवसाला किती काड खाते, चुलीत किती जातं, छपरावर किती चढतं, वीटभट्टीवाला किती नेतो, सगळं काटा लावून. गोठ्यात बसून गाईपुढची पेंढी तोलायचे आणि संध्याकाळी तिने टाकलेलं उष्टंही तोलायचे. एका घरच्या सासूबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "आता रवंथही मोजून जा, म्हणजे आमची गाय चुकारपणा करते का ते कळेल." मास्तरांनी ते गंभीरपणे घेतलं आणि रवंथ या हिशेबात येत नाही असं समजावून सांगितलं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "ह्यांच्याशी थट्टा करायची म्हणजे आधी अर्ज द्यावा लागतो."

आम्ही कर्मचारी वसाहतीत राहायचो. ते वर, मी खाली. त्यामुळे त्यांचं घरचं आणि ऑफिसचं, दोन्ही मला दिसत असे.

आता राखेची गोष्ट. पहिल्या हंगामात त्यांच्या पहिल्या दहा-बारा पिशव्या आल्या, आणि मी राख काढली तर शंभराला साडेदहा. गव्हाच्या काडाची राख एवढी येत नाही. लोकांच्या गंजीतून आणलेल्या काडाची मी कितीतरी वेळा काढली होती, ती सातच्या पुढे जात नसे. राख वाढली की एकच शंका येते: माती. म्हणून मी भोळेपणाने सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, पिशवीत माती येतेय का हो?"

त्यांनी डोक्यात राख घालून घेतली. "माझ्या पिशवीत माती?" म्हणाले. "बाई, मी सुताराचा मुलगा आहे. रंधा फिरवल्यासारखं कापतो मी. चौकटीत एक काडी शिल्लक दिसली तर दाखवा." मग फरशीवर पांढरी चादर पसरली आणि सहा पिशव्या एकेक करून तिच्यावर झटकल्या. ऑफिसातले पंधरा जण बघत होते. चादरीवर मातीचा कण पडला नाही. "ओव्हनचं दार नीट लागतं का तेवढं बघा," असं म्हणून ते गेले, आणि पुढे महिनाभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चिठ्ठ्या शिपायाच्या हाती पाठवायचे.

मीही मानी. म्हटलं, माझं काय अडलंय. राख साडेदहा आली की साडेदहा लिहायची, आणि बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात "माती?" असं. पुढच्या हंगामांत शब्द लिहायचाही कंटाळा आला, नुसतं प्रश्नचिन्ह करायची. राखेचा रकाना साहेबांकडे जायचा, वजनाचा मास्तरांकडे. साहेबांनी राखेची सरासरी काढली, अहवालाच्या शेवटच्या पानावर छापली आणि विषय संपला. माझ्या प्रश्नचिन्हांबद्दल मला कुणी विचारलं नाही, आणि मी मूग गिळून बसले.

अहवालातला मुख्य आकडा मला आजही तोंडपाठ आहे. खोऱ्यात वर्षाला तीन लाख टन काड. त्यातलं एक लाख साठ हजार टन गाई, चुली, छपरं आणि वीटभट्ट्यांना लागतं. शिल्लक एक लाख चाळीस हजार. ज्या बॉयलरचा विचार चालला होता त्याला लाखभर टन पुरेसं होतं. म्हणजे वर्षाकाठी चाळीस हजार टन वरकड. साहेबांनी मास्तरांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "तुम्ही खोऱ्याला दिवा लावलात." नवीन मुलांना शिकवण्यासाठी मास्तरांकडून एक पुस्तिकाही लिहून घेतली. तिच्यातलं दुसरं वाक्य आहे: चौकटीतले सर्व काड जमिनीलगत कापावे.

दोन वर्षांत वीजकेंद्र उभं राहिलं, आणि मास्तरांच्या धाकट्या भावाने नोकरी बदलली.

हा धाकटा म्हणजे मास्तरांच्या अगदी उलट. शाळेची बस चालवायचा. एकोणीस वर्षं. पोरं त्याला बसकाका म्हणत आणि त्याच्या टोपीवरून एकमेकांत मारामाऱ्या करत. दर रविवारी सकाळी थोरल्याकडे यायचा, जिना चढतानाच ओरडायचा, "वहिनी, चहा टाका, चौकट घरात आहे की शेतात?" वीजकेंद्रात बॉयलरवर माणसं घेतायत म्हटल्यावर तो भावाला विचारायला आला. मला आठवतं, कारण दार उघडं होतं आणि मी जिन्यात कपडे वाळत घालत होते.

"दादा, बस सोडू का? तू सांग."

"तीस वर्षं ती भट्टी विझायची नाही," मास्तर म्हणाले. "माझा आकडा आहे."

"तुझा आहे म्हणूनच विचारतोय. दुसऱ्या कुणाचा असता तर इथवर आलो नसतो."

त्याने बस सोडली. निरोपाच्या दिवशी पोरांनी त्याच्या टोपीवर सह्या केल्या.

पहिल्या वर्षी वीजकेंद्र चाललं. दुसऱ्या वर्षी अर्ध्यावर चाललं. काड मिळेना म्हणून वीजकेंद्राची माणसं गोठ्यांपर्यंत पोचली, आणि जे गाईंच्या तोंडचं होतं तेही उचलायला लागली. बायका चुलीसाठी काटक्या शोधत हिंडू लागल्या. मग गावांनी हात आखडला. तिसऱ्या वर्षी कापणी संपून महिनाही झाला नसेल, वीजकेंद्राचा माल गोळा करणारा मुकादम आमच्या केंद्रात आला. धुळीने माखलेला, चिडून चिडून थकलेला माणूस. त्याने अहवाल मास्तरांच्या टेबलावर टाकला, तिरकाच.

"ह्या पुस्तकात आहेत ती शेतं कुठली, ती मला दाखवा," म्हणाला. "मी तीन वर्षं शोधतोय. मला सापडलेल्या शेतांत एवढं काड नाही."

मास्तरांनी त्या दिवशी तो अहवाल सरळ केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले. वरच्या डोंगरउतारावर गहू उशिरा येतो, तिथे कापणी अजून चालू होती. चौकट घेऊन तिथे पोचले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कापणीच्या आदल्या दिवशी नाही, तर कापणाऱ्यांच्या मागून शेतात चालले. बाकी काही करायची गरजच पडली नाही. त्यांनी खाली पाहिलं, आणि पायाशी वीतभर धसकटं उभी होती.

कोणीही शेतकरी गहू जमिनीला घासून कापत नाही. विळ्याला खडा लागतो, बोटं सोलवटतात, कंबर मोडते. यंत्रवाला तर पातं आणखी वर ठेवतो. वीतभर बुडखा जमिनीतच राहतो. त्यात चार दिवस जनावरं तोंड घालतात, मग नांगर फिरतो. ते काड कधीच कुणाच्या गंजीत येत नाही, गाडीत येत नाही, बॉयलरमध्येही येत नाही. मास्तरांनी मात्र तीन वर्षं ते बुडख्यासकट, रंधा मारल्यासारखं कापलं होतं आणि शेतात मिळणारं काड म्हणून तोललं होतं. तुम्ही म्हणाल, रस्त्याने जाता-येता धसकटं दिसत नव्हती का? दिसत होती. त्यांना दिसत होती, साहेबांना दिसत होती, मलाही दिसत होती. आम्ही सगळे रोज बसमधून ती बघत कामाला जात होतो.

त्यांनी वीस शेतांतून चाळीस पिशव्या आणल्या. प्रत्येक चौकटीच्या दोन: एक वीतभर वरच्या काडाची, एक खालच्या बुडख्याची. स्वतः ओव्हनपाशी घेऊन आले. मी सुकवल्या, तोलल्या. ते माझ्या मागे उभे होते. तीन भागांतला एक भाग बुडख्याचा निघाला. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं: तीन लाखांचे राहिले दोन. त्यातून एक लाख साठ हजार गेले, कारण गाई तेवढंच खातात. शिल्लक चाळीस हजार. बॉयलरला लाख लागतात.

एवढंच गणित होतं. शाळेतल्या पोराला येईल.

"बाई," ते म्हणाले, "माझं चुकलं." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाले, "जमिनीचं होतं ते मी लोकांचं धरलं."

त्याच दुपारी मी दोन्ही प्रकारच्या पिशव्यांची राख काढली. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच काढली. वरच्या काडाची सात. बुडख्याची साडेसतरा. बुडख्याला माती चिकटून वाळलेली असते, झटकून ती निघत नाही, चादर कितीही पांढरी असली तरी. दोन भाग वरचं, एक भाग बुडखा: सात, सात आणि साडेसतराची सरासरी काढली, नेमकी साडेदहा, आणि खुर्चीत बसून राहिले. मास्तर अजून इमारतीतच होते. त्यांनी राखेबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

वीजकेंद्र त्याच वर्षी बंद पडलं. धाकटा घरी बसला. शाळेच्या बसवर तोवर दुसरा ड्रायव्हर आला होता. मग धाकटा बाजारात पोती उतरवायला जाऊ लागला. भावाशी भांडला वगैरे नाही, फक्त रविवारी येईनासा झाला. वहिनी तरीही रविवारी एक कप जास्तीचा चहा टाकायच्या, आणि दहा वाजले की तो स्वतःच पिऊन टाकायच्या.

मास्तरांच्या मनात आता एकच होतं: तो आकडा दुरुस्त व्हायला हवा. कारण डोंगरापलीकडच्या खोऱ्यात दुसरं वीजकेंद्र यायचं घाटत होतं, आणि तिथलं काड किती हे कुणी मोजायलाही गेलं नव्हतं. आमच्याच अहवालातलं कोष्टक उचललं, एकराला इतकं, आणि तिथल्या एकरांनी गुणलं. ते साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, चाळीस पिशव्यांचे आकडे पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, तो आकडा आता तुमचा राहिलेला नाही. तो अहवालात आहे, अहवालावरून योजना झालीय, योजनेवर सह्या झाल्यात. पहिलं केंद्र बंद पडलं ते ढिसाळ कारभारामुळे, असं समितीने लिहून दिलंय. तुमचं नाव कुठे आलंच नाही. तुम्ही होऊन कशाला अंगावर ओढून घेताय?"

"कारण माझ्या अंगावरच आहे ते," मास्तर म्हणाले.

त्यांनी पत्रं लिहिली. मी मोजली नाहीत, पण फाइल जाड झाली होती. उत्तरं येत होती, तो त्यातला दुष्टपणा. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. आपले निरीक्षण संबंधितांकडे पाठवण्यात आले आहे. एकदा उत्तराबरोबर त्यांचीच पुस्तिका आली, अधिक माहितीसाठी म्हणून. वहिनींनी ती उशाखाली लपवून ठेवली, त्यांना सापडू नये म्हणून, आणि त्यांना सापडली.

मग एका रविवारी धाकटा आला. दोन वर्षांनी. मी वर गेले होते शिडी परत द्यायला, आणि वहिनींनी मला हाताला धरून बसवून घेतलं, कारण त्यांना एकटीला ते झेपलं नसतं. त्याच्या हातात कागद होता. डोंगरापलीकडच्या नव्या केंद्रात त्याला बॉयलरवर घेतलं होतं, अनुभवी माणूस म्हणून. राहायला खोल्या, मुलींना शाळा. तो पुन्हा जिन्यात ओरडला होता, पूर्वीसारखा, आणि वहिनी रडत रडत चहा टाकत होत्या.

मास्तरांनी कागद वाचला. घडी घातली. कड कडेला जुळवली.

"जाऊ नकोस," म्हणाले.

धाकट्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं. धसकटं, दोन पिशव्या, तीन लाखांचे दोन. "जुन्या गंजी आहेत त्यावर पहिला हंगाम निघेल," म्हणाले. "सगळे मिळून अठरा महिने. फार तर एकोणीस. मग ती शेड रिकामी होणार."

धाकट्याने चहाचा कप खाली ठेवला.

"दादा, मागच्या वेळी तू म्हणालास तीस वर्षं," तो म्हणाला. "मी बस सोडली. आता म्हणतोस अठरा महिने. दोन्ही वेळा तुझं तोंड असंच होतं, अगदी खात्रीचं. मी कुठलं धरू?"

"हे धर."

"बरं, हे धरतो. नाही जात. मग काय करू? ते सांग की. पोती उचलायला माझी पाठ चालत नाही आता. मुलींना काय सांगू? काकांनी पुन्हा मोजलंय म्हणून?"

वहिनींनी त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. त्याने एक घेतलं, मोडलं आणि न खाता परत ठेवलं. जाताना दारात वळून म्हणाला, "तुझ्यावर राग नाही रे माझा. पण तू मला खरं सांगितलंस हे बरं नाही केलंस. आता मी तिथे रोज महिने मोजणार."

तो गेला, आणि खरोखरच गेला, बिऱ्हाड घेऊन.

त्यानंतर वर्षभरात मास्तर निवृत्त झाले. निरोपाला साहेबांनी चौकट भिंतीवर टांगून ठेवू म्हटलं, पण दुसऱ्याच आठवड्यात ती नव्या मुलांनी शेतात नेली. दुसरी कुठे होती. मास्तरांनी जाताना माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: त्यांच्या पिशव्यांच्या जुन्या वह्या. केंद्रात सगळं संगणकावर गेलं होतं आणि वह्या रद्दीत निघणार होत्या. "शेवटचं एक पत्र लिहायचंय," म्हणाले. "मूळ नोंदी जोडल्या तर कुणीतरी बघेल." मी म्हटलं, शोधते. वह्या माझ्या कपाटातच होत्या. महिन्याने पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं, शोधते. एकदा मी खोडरबर घेऊनही बसले होते. पहिल्या पानावरचं पहिलं "माती?" अर्धं खोडलं आणि रबर ठेवून दिला. सहाशे बेचाळीस नोंदींतलं खोडत बसायला मला निवृत्तीपर्यंतची नोकरी पुरली नसती.

वसाहतीतलं घर सोडायला मास्तरांना मुदत मिळाली होती, आणि ते रोज सकाळी गच्चीवर जात. डोंगराच्या मागून पलीकडच्या वीजकेंद्राचा धूर दिसायचा. पांढरट, सरळ. तो दिसला की खाली येत आणि नाष्टा करत. वहिनी म्हणायच्या, "लोक देवाला नमस्कार करतात, आमचे हे धुराला." पण त्यांनाही धूर कधी दिसतो याची घाई असे. अकरावा महिना. चौदावा. सोळावा. एखाद्या दिवशी वारा उलटा असला आणि धूर दिसला नाही, तर मास्तर दुपारपर्यंत गच्चीवरच. चुकावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. "बाई, काहीतरी माझ्या लक्षात आलं नसेल," मला एकदा म्हणाले. "त्या बाजूला कदाचित खाली वाकून कापत असतील." त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी होय म्हटलं.

एकोणिसाव्या महिन्यात तीन दिवस धूर दिसला नाही आणि वारा उलटा नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा मी वरच होते. वहिनींनी घेतला आणि मास्तरांच्या हातात दिला. ऐकायला त्यांना कमी येत असल्यामुळे फोनचा आवाज नेहमी मोठा असे.

"दादा, अठरा नाही, एकोणीस झाले बघ."

"फार तर एकोणीस म्हणालो होतो."

"हो. म्हणाला होतास." मग, "शेवटचं फावडं मीच मारलं. शेड झाडून काढली आणि तेही टाकलं आत."

"मुली कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. ठेवतो."

मास्तर फोन हातात धरून बसले. इतक्या वर्षांत त्यांचा एकच आकडा अगदी महिन्यापर्यंत बरोबर आला होता, तो हा. मी खाली आले. कपाट उघडलं, तिन्ही वह्या काढल्या आणि वर नेल्या. आता त्यांचा पत्राला उपयोग नव्हता. पण त्या माझ्याकडे राहणंही मला सहन होईना.

त्यांनी चष्मा लावला. पहिली वही उघडली, बोटाने वजनाच्या रकान्यावरून खाली गेले, मग तेच बोट राखेच्या रकान्यावर आलं आणि थांबलं.

"ही पेन्सिल तुमची?"

"हो."

"पहिल्याच हंगामात?"

"पहिल्याच आठवड्यात."

पुढे समजावून सांगावं लागलं नाही. साडेदहाचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळला. "बुडखा येतोय हे ह्यातच होतं," ते हळू म्हणाले. "मग मला विचारलं का नाहीत, बाई?"

"विचारलं होतं," मी म्हटलं. "एकदा. तुम्ही चादर पसरलीत. ओरडलात माझ्यावर, सगळ्यांसमोर. महिनाभर बोलला नाहीत. म्हणून मग पुन्हा नाही विचारलं."

मी तयारीने गेले होते. ते ओरडतील, वही फेकतील, निदान तोंड फिरवतील. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले, खरोखर आठवायचा प्रयत्न करत, आणि मग त्यांनी मान हलवली.

"मी ओरडलो होतो?" म्हणाले. "मला आठवत नाही."

वहिनींनी चहा आणला. मास्तरांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि वहीचं पान उलटलं. त्या पानावरही प्रत्येक ओळीला पेन्सिलीचं "माती?" होतं. मग पुढचं उलटलं.